हंगेरियन गुलाश घरी केला, पण चव मटणाच्या रश्श्याची आली. कुठे चुकलं?

तिखटमीठ

नमस्कार मंडळी,

मागच्या ऑक्टोबरात आम्ही दोघं चार दिवस बुडापेस्टला होतो. तिसऱ्या दिवशी पावसात पुरते भिजलो आणि समोर दिसली त्या खानावळीत शिरलो. मेनूतला एकच शब्द ओळखीचा होता, तो मागवला. खोलगट वाडग्यात पातळसर लालभडक रस्सा, वर तवंग, तळाशी मांसाचे मऊ तुकडे, बटाटा, गाजर आणि पिठाचे छोटे छोटे वेडेवाकडे गोळे. शेजारी पावाचे जाड काप. पहिल्या घोटाला अंगातली हुडहुडी गेली. तिखट अजिबात नाही, पण मिरचीची एक गोडसर, खोल चव. ती चव वर्षभर जिभेवर आहे.

गेल्या रविवारी घरी घाट घातला. पाऊण किलो मटण. कढईत तेल तापवून जिरे, आलं-लसूण, कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परतला. मग त्यात तीन चमचे काश्मिरी तिखट घालून तेल सुटेपर्यंत परतलं. मटण, टोमॅटो, बटाटे, गाजर एकदमच टाकलं आणि कुकरला पाच शिट्ट्या. दाटपणासाठी शेवटी दोन चमचे मैदा लावला.

झालं काय, तर रंग तपकिरी, मागून किंचित कडवट चव, आणि बटाट्याचा लगदा. घरच्यांनी भाकरीबरोबर आवडीने खाल्लं, पातेलं रिकामं झालं. पण तो आपला मटणाचा रस्सा होता, गुलाश नव्हता. नेमकं कुठे चुकलं? कोणी तिकडे राहिलेलं असेल तर नीट सांगा. मला तीच चव हवी आहे.

दोन शिट्ट्या

आलं काढा, जिरे काढा, मैदा काढा. अर्धं काम तिथेच होईल.

पुस्ताप्रवासी

तिखटमीठ, तुमचं वर्णन वाचून भूक लागली. मी आठ वर्षं हंगेरीत आहे, आधी बुडापेस्ट आणि आता देब्रेत्सेन. जरा सविस्तर लिहितो.

आधी नाव. तिथे 'गुलाश' म्हटलं तर कळतं, पण उच्चार 'गुयाश'. 'गुया' म्हणजे गुरांचा कळप आणि 'गुयाश' म्हणजे गुराखी. पूर्वेकडच्या मोठ्या सपाट माळावर, ज्याला पुस्ता म्हणतात, राखाडी रंगाची लांब शिंगांची गुरं हिंडवणाऱ्या माणसांचं हे जेवण. पदार्थाचं मूळ नाव 'गुयाशहूश', गुराख्याचं मांस. पुढचा शब्द गळला आणि गुराखीच वाडग्यात येऊन बसला. तिपाईला टांगलेल्या ज्या कढईत तो शिजतो तिला बोग्राच म्हणतात. आजही उन्हाळ्यात कोणाच्या बागेत चार माणसं जमली की बोग्राच बाहेर निघतो.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: हंगेरीत गुयाश हे सूप आहे. त्यामुळे मैदा नाही, दाटपणा नाही. जो काही अंगचा दाटपणा येतो तो विरघळलेल्या कांद्याचा आणि नळीच्या मांसातून सुटलेल्या चिकाचा.

तिसरी गोष्ट, तुमचा कडवटपणा. मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते शेजारच्या आजोबांच्या बागेत. कांदा चरबीत परतून झाला होता. आजोबांनी बोग्राच आकडीवरून काढला आणि जमिनीवर ठेवला. मला वाटलं, जड झाला असेल. ते थांबले. कांद्याचा चुरचुर आवाज बंद होईपर्यंत नुसते उभे राहिले. मग मूठभर पप्रिका पावडर, म्हणजे तिथली लाल मिरचीची पूड, टाकली, लाकडी चमच्याने दोन वेळा फिरवली आणि लगेच पेलाभर पाणी ओतलं. एवढं झाल्यावरच बोग्राच परत विस्तवावर. मी विचारलं तेव्हा त्यांनी दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली: साखर. पप्रिकेत साखर असते, गरम चरबीत ती क्षणात करपते. करपली की संपूर्ण भांडं कडू, मग काहीही घाला.

तुम्ही तिखट 'तेल सुटेपर्यंत' परतलंत ना, तिथेच रंग तपकिरी झाला.

रानवारा

कोल्हापूरहून लिहितोय. हे काही पटलं नाही बघा. आमच्याकडं कांदा-लसूण चटणी तेलात चांगली परतल्याशिवाय तांबड्या रश्श्याला कटच येत नाही. कच्चं तिखट पाण्यात घातलं तर चव कच्चीच लागणार की!

अनुस्वार

रानवारा, दोन्ही बरोबर आहेत, कारण पदार्थ वेगळे आहेत. आपल्या मसाल्यात खोबरं, तीळ, धने, भाजलेला कांदा असतो, त्याच्या सोबतीनं तिखट थोडं सांभाळलं जातं. आणि आपल्याला ती भाजकी, खरपूस चव हवीही असते. गुलाशमध्ये मसाला म्हणजे जवळजवळ एकटी पप्रिका. तिला कोणी सोबती नाही.

कच्चेपणाचं म्हणाल तर ती पुढे दीड-दोन तास शिजतेच. मिरचीचा लाल रंग स्निग्धात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून ती आधी कोमट चरबीत घालायची, मग पाणी. नुसत्या पाण्यात घातली तर तवंग येणार नाही.

आणि विचार केला तर हे आपल्यालाही नवीन नाही. लोणच्याच्या फोडणीत आई तिखट कधी घालते? मोहरी तडतडली, गॅस बंद केला, फोडणी कोमट झाली, मग. लोणचं लाल राहतं ते त्यामुळेच.

रानवारा

लोणच्याचं उदाहरण पटलं. मागं घेतो.

सातारकर_म्युनिक

पुस्ताप्रवासी, माहिती छान, पण 'गुलाश म्हणजे सूप' यावर माझी हरकत आहे. मी बारा वर्षं जर्मनीत राहतो. इथे कँटीनमध्ये, घरी, सगळीकडे गुलाश म्हणजे घट्ट रश्श्यातलं मांस, बरोबर नूडल्स किंवा उकडलेले बटाटे. सूप असेल तर मुद्दाम 'गुलाशसूप' म्हणतात. व्हिएन्नात तर कांदा आणि मांस समसमान वजनाने घेतात आणि तो कांदा पार विरघळेपर्यंत शिजवतात, एक तुकडा दिसत नाही. प्रागमध्ये वाफवलेल्या पिठाच्या जाड चकत्या बरोबर देतात. इतके सगळे देश चूक आणि एकटा हंगेरी बरोबर?

पुस्ताप्रवासी

सातारकर, चूक कोणीच नाही. व्हिएन्नाचा गुलाश हा त्यांचा स्वतःचा, उत्तम पदार्थ आहे. एकाच साम्राज्यात राहिल्यावर पाककृती इकडून तिकडे जाणारच. पण धागाकर्तीला बुडापेस्टची चव हवी आहे, म्हणून हंगेरियन घरातली विभागणी सांगतो.

गुयाश: भरपूर पाण्याचा, बटाटा-गाजर घातलेला.
पोर्कोल्त: तोच कांदा, तीच पप्रिका, पण पाणी अगदी थोडं थोडं घालत अंगच्या रसात शिजवलेलं मांस. तुमच्या म्युनिकच्या कँटीनमध्ये मिळतो तो याचा भाऊ.
पप्रिकाश: कोंबडी किंवा वासराचं मांस, आणि शेवटी तेय्फोल म्हणजे आंबट साय, त्यात थोडं पीठ कालवून. ही साय गुयाशमध्ये सहसा घालत नाहीत.

तिन्हींचा पाया एकच: चरबी, कांदा, पप्रिका, मांस. तो पाया हाताखाली बसला की हंगेरियन स्वयंपाकाचा निम्मा भाग आला असं इथल्या बायका म्हणतात आणि ते खरं आहे.

सातारकर_म्युनिक

ठीक. म्हणजे मी बारा वर्षं पोर्कोल्त खातोय. आज बायकोला सांगतो.

निळावंती

माझी शंका जिऱ्याची आहे. मी वाचलेल्या दोन-तीन कृतींमध्ये 'जिरे' स्पष्ट लिहिलं होतं. मग दोन शिट्ट्या काढायला का सांगताहेत?

सातारकर_म्युनिक

निळावंती, याचं उत्तर मी देतो, कारण इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात याचा धडा मिळाला. जर्मनमध्ये 'क्यूमेल' म्हणजे कॅरवे आणि आपलं जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्यूमेल'. मी जिरं समजून क्यूमेल आणलं आणि जिरा राइस केला. घरभर राय ब्रेडचा वास. भाषांतरात हे दोन्ही 'जिरे' होऊन बसतात.

पुस्ताप्रवासी

हंगेरियनमध्येही तेच. कॅरवे म्हणजे 'क्योमेन्य', आणि आपल्या जिऱ्याला ते 'रोमन क्योमेन्य' म्हणतात. गुयाशमध्ये पडतं ते कॅरवे, चार जणांच्या भांड्याला सपाट चहाचा चमचाभर, थोडं चेचून. कॅरवेचा दाणा जरा वाकडा, तपकिरी आणि अंगावर फिक्या रेघा. पुण्या-मुंबईत केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतो. नाही मिळाला तर शहाजिरे त्याच्या सगळ्यात जवळ जातं, पण अर्धंच घाला, त्याचा वास तीव्र असतो. जिरं मात्र नको. जिरं पडलं की रस्सा तत्क्षणी पुण्यात येतो.

तिखटमीठ

अरे देवा, मी तर फोडणीलाच घातलं होतं. आणि आलंही. आता कळतंय. पप्रिका कुठली घेऊ? काश्मिरी तिखट चालेल का?

आजीचा पाटा

काश्मिरीपेक्षा ब्याडगी घ्या असं माझं मत. अख्खी ब्याडगी आणा, देठ काढा, बिया झटका आणि आतल्या फिक्या शिरा चिमट्याने ओढून काढा. तिखटपणा मुख्यतः त्या शिरांत असतो. मग दहा मिनिटं कोमट कढईत नुसती उबवा, भाजू नका, आणि मिक्सरला बारीक करा. चाळणीतून गाळा. रंग असा येतो की बोटं दोन दिवस लाल. मी हे पावभाजीसाठी करते, पण गुलाशलाही चालायला हरकत नाही.

पुस्ताप्रवासी

आजीचा पाटा, नकळत तुम्ही सेगेदचा इतिहास सांगितलात! सेगेद आणि कलोचा ही पप्रिकेची दोन मोठी गावं. जुनी हंगेरियन पप्रिका चांगली तिखट असायची. एकोणिसाव्या शतकात सेगेदच्या पाल्फी बंधूंनी शिरा आणि बिया वेगळ्या काढून दळण्याची पद्धत आणली आणि सौम्य, गोड पावडर मिळू लागली. पुढे विसाव्या शतकात मुळातच तिखट नसलेल्या जाती तयार झाल्या. पाकिटावर 'एदेशनेमेश' असेल तर ती गोड आणि सुगंधी, गुयाशला हीच. 'चीपोश' किंवा 'एरोश' असेल तर तिखट, ती चिमूटभर.

ब्याडगी उत्तम पर्याय आहे. एकच फरक, पप्रिकेचा गर जाड असतो म्हणून तिच्यात गोडवा जास्त. ब्याडगी वापरलीत तर एक लाल ढोबळी मिरची बारीक चिरून कांद्याबरोबर परता. तो गोडवा भरून निघतो. आणि स्मोक्ड पप्रिका घेऊ नका. ती स्पेनची. धुराचा वास गुयाशला येतो तो खालच्या लाकडांचा.

बुडापेस्टहून कोणी येणार असेल तर फोवाम चौकातल्या मोठ्या बाजारातून आणायला सांगा, ती १८९७ सालची लोखंडी कमानींची सुंदर इमारत. पण दारातल्या कापडी पिशव्या फोटोपुरत्या. उजेडात राहिलेली पप्रिका फिकी आणि निर्जीव होते. आत बंद पाकिटातली, त्याच वर्षीची मागा आणि घरी फ्रिजमध्ये ठेवा.

खानदेशी वांगं

मिरची तर आपल्याकडे आणि त्यांच्याकडे दोघांकडेही बाहेरूनच आली ना? आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. तिकडे कोणी?

अनुस्वार

तिकडे तुर्कांच्या काळात. मोहाचची लढाई १५२६, बुदा शहर तुर्कांच्या ताब्यात १५४१, पुढे जवळपास दीडशे वर्षं तो मुलूख त्यांच्याकडे. मिरचीला तिथे बराच काळ 'तुर्की मिरे' म्हणायचे. श्रीमंतांच्या ताटात काळं मिरं होतं, ते महाग. गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनी परसातली मिरची सुकवून कुटली. खालून वर गेलेला मसाला आहे हा. म्हणून मला त्याचं अप्रूप वाटतं.

अवांतर: सेगेद विद्यापीठातच अल्बर्ट सेंट-ज्योर्जी होते. क जीवनसत्त्व त्यांना भरपूर प्रमाणात हवं होतं आणि ते त्यांना पप्रिकेत सापडलं, अर्थात ताज्या मिरचीत. १९३७ चं नोबेल. ते स्वतः सांगायचे की एका रात्री बायकोने जेवायला पप्रिका वाढली, खायची इच्छा नव्हती, म्हणून ती घेऊन प्रयोगशाळेत गेले.

दोन शिट्ट्या

पानात टाकलेल्या भाजीवर नोबेल! हे माझ्या मुलाला कळता कामा नये.

खानदेशी वांगं

'गुलाश कम्युनिझम' हा शब्द पण ऐकला होता. तो काय प्रकार?

अनुस्वार

हंगेरीचे कम्युनिस्ट नेते यानोश कादार यांच्या काळातला. १९५६ चा उठाव चिरडल्यावर ते सत्तेवर आले आणि १९८८ पर्यंत होते. साठच्या दशकापासून त्यांनी थोडी ढील दिली: दुकानांत माल, परसात खासगी शेतीचा तुकडा, थोडाफार प्रवास. शेजारच्या कम्युनिस्ट देशांपेक्षा ताट भरलेलं, म्हणून बाहेरच्यांनी हे नाव दिलं. पण मूळ विषयाकडे वळू या, नाहीतर तिखटमीठ यांचं पातेलं राहून जाईल.

गोंयकार बाय

मी म्हापशाहून. मांसाबद्दल कोणी काहीच बोललं नाही म्हणून लिहिते. हा पदार्थ मुळात बीफचा आणि त्यातही नडगीचा, जिथे चिवट पापुद्रे असतात. लोक महाग, मऊ भाग घेतात आणि मग म्हणतात कोरडं झालं. चिवट भागच दोन-अडीच तासांत विरघळतो आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. आमच्याकडे बीफ मिळतं, मी तसाच करते. आणि तेल नको गो, डुकराची चरबी वापर. आमच्या चोरिसवाल्याकडे सांगून ठेवलं की पांढरी चरबी देतो. मंद आचेवर वितळव, गाळून बाटलीत भर. कांदा त्या चरबीत परतला की वासच वेगळा.

तिखटमीठ

गोंयकार बाय, आमच्याकडे बीफ होत नाही आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलाचं मिळतही नाही. डुकराची चरबीही घरात चालणार नाही. मटणातच करायचं आहे. मग तो गुलाश म्हणायचा की नाही?

पुस्ताप्रवासी

खुशाल म्हणा. माळावर मेंढ्या गुरांइतक्याच. माझ्या इथून फार लांब नसलेलं कर्त्साग गाव मेंढीच्या पोर्कोल्तसाठी प्रसिद्ध आहे, त्यात मुंडी आणि पायसुद्धा जातात. म्हणजे मटण ही तडजोड नाही, तो तिथलाच एक रस्ता आहे.

फक्त आपलं मटण बोकडाचं, त्यात चरबी कमी. म्हणून पुढचा पाय, खांदा आणि नळ्या मागा. चरबीचा एक तुकडा खाटकाकडून वेगळा घ्या आणि तोच बारीक चिरून वितळवा, त्यात कांदा परता. म्हणजे डुकराच्या चरबीचा प्रश्नच येत नाही. हाडं राहू द्या.

रानवारा

आमच्या धनगरी मटणासारखंच झालं की हे. कळपामागं हिंडणारा माणूस, एक भांडं, हाताशी असेल ते. फक्त त्यांच्या माळावर बर्फ पडतो.

निळावंती

आम्ही शाकाहारी लोकांनी काय करायचं? हे सगळं वाचून नुसतं तोंडाला पाणी.

पुस्ताप्रवासी

निळावंती, तुमच्यासाठी हंगेरीतच पदार्थ आहे. 'हमिशगुयाश', म्हणजे खोटा गुयाश. बिनमांसाचा. बटाटा, गाजर, कॅरवे, पप्रिका, आणि पिठाचे गोळे. महिनाअखेरीचं जेवण म्हणून लोक करतात आणि मुलांना खूप आवडतो. मशरूमचा पोर्कोल्तही घरोघरी होतो. मी पाहुण्यांसाठी दोन्ही एकत्र करतो: मशरूम पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत वेगळे परतायचे आणि मग खोट्या गुयाशमध्ये सोडायचे. राजमा घालूनही करता येईल, कडधान्याचा गुयाश तिथे असतोच, पण त्यात बहुतेक वेळा धुरी दिलेलं डुकराचं मांस असतं. तुम्ही नुसता राजमा घाला.

निळावंती

खोटा गुयाश! नावच किती गोड. या शनिवारी करते. ते पिठाचे गोळे कसे करायचे?

पुस्ताप्रवासी

त्यांना 'चिपेत्के' म्हणतात, चिमटा या अर्थाच्या क्रियापदावरून. एक अंडं, चिमूट मीठ आणि मावेल तेवढा मैदा, साधारण पाऊण ते एक वाटी. पाण्याचा थेंब नाही. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट. अर्धा तास झाकून ठेवायचं, जाडसर थापायचं, बोटं पिठात बुडवून हरभऱ्याएवढे तुकडे खुडायचे. एकसारखे झाले तर ते यंत्राने केले असं समजतात. उकळत्या रश्श्यात सोडले की वर येतात, त्यानंतर तीन-चार मिनिटं.

आजीचा पाटा

म्हणजे चकोल्यांची धाकटी बहीण! आम्ही वरणात कणकेचे तुकडे सोडतो, हे रश्श्यात मैद्याचे.

खानदेशी वांगं

चकोल्या लाटून कापतात. हे खुडायचे आहेत. शेंगोळ्यांच्या जवळचे म्हणा. तेही हातानेच वळतात आणि रश्श्यातच शिजतात.

आजीचा पाटा

शेंगोळ्यांना कुळथाचं पीठ लागतं हो. आणि त्या लांब असतात.

दोन शिट्ट्या

एक धागा चकोल्या विरुद्ध शेंगोळ्यांवर वेगळा काढा, मी खुर्ची घेऊन येतो.

आता माझ्या विषयावर येतो. सगळे दोन-अडीच तास म्हणताय, गॅसचं काय? कुकरमध्ये का नको? तिखटमीठ यांची चूक कुकर नाही, सगळं एकदम टाकणं ही आहे. कांदा-पप्रिका उघड्यावर करा, मांस घालून तीन शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं बारीक गॅस. झाकण उघडलं की बटाटा, गाजर घालून उघड्यावर शिजवा. बटाट्याचा लगदा होणार नाही.

गोंयकार बाय

कुकरमध्ये मांस शिजतं, पण रस्सा आटत नाही, चव पाणचट राहते. मंद आचेला तोड नाही.

पुस्ताप्रवासी

या वादात मी दोन शिट्ट्यांच्या बाजूने आहे. हंगेरीतही घरोघरी प्रेशर कुकर असतो, त्याला 'कुक्ता' म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ स्वयंपाकघरातला हरकाम्या पोऱ्या. नोकरी करणाऱ्या बायका आठवड्याच्या दिवशी कुक्तातच गुयाश लावतात. फक्त सुरुवातीला पाणी अगदी कमी, पेलाभर. बाकीचं गरम पाणी झाकण उघडल्यावर. गोंयकार बाय म्हणतात तो पाणचटपणा त्याने टळतो. रविवारी वेळ असेल तर मात्र जाड बुडाचं पातेलं.

तिखटमीठ

मंडळी, काल परत केला. सविस्तर लिहिते, कारण इथलं प्रत्येक वाक्य मी कागदावर उतरवून ओट्याशेजारी चिकटवलं होतं.

पाऊण किलो मटण, खांदा आणि दोन नळ्या. चरबीचा तुकडा लिंबाएवढा, तो चिरून मंद आचेवर वितळवला, वर दोन चमचे तेल. तीन मोठे कांदे अगदी बारीक, एक लाल ढोबळी मिरची. वीस मिनिटं लागली कांद्याला. माझा हात सारखा गॅस मोठा करायला जात होता. या वेळी तांबूस होऊ दिला नाही, काचेसारखा झाल्यावर थांबले.

मग पातेलं खाली उतरवलं आणि उभी राहिले. चुरचुर थांबायला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो! आवाज पूर्ण बंद झाल्यावर घरी केलेली ब्याडगीची पूड, तीन टेबलस्पून. (आजीचा पाटा, शिरा काढायला पाऊण तास लागला, पण चीज झालं.) दोनदा ढवळून अर्धा पेला पाणी. आणि तो वास! पावसात भिजून ज्या दारातून आत शिरलो होतो, त्या दाराचा वास.

मटण, मीठ, दोन लसूण पाकळ्या, अर्धा चमचा शहाजिरे चेचून, एक टोमॅटो. झाकण ठेवून सव्वा तास, मधेमधे घोटभर गरम पाणी. मग सव्वा लिटर पाणी, गाजर, बटाटे. तिकडच्या कृतीत असतं ते पार्सली रूट, म्हणजे पार्सलीचं मूळ, मिळालं नाही, त्याऐवजी सेलरीचा देठ घातला. शेवटी चिपेत्के. नवरा आणि लेक दोघं खुडायला बसले होते, लेकीचे हरभऱ्याएवढे आणि नवऱ्याचे लिंबाएवढे. मोठे आतून कच्चे राहिले, ते परत पातेल्यात टाकले.

रंग लालबुंद, वर केशरी तवंग. कडवटपणा नाही. नवऱ्याने पहिला चमचा घेतला, काही बोलला नाही, उठून पावाची लादी घेऊन आला.

नव्वद टक्के तीच चव. उरलेले दहा टक्के काय असतील?

गोंयकार बाय

डुकराची चरबी!

पुस्ताप्रवासी

वाचून फार आनंद झाला. त्या दहा टक्क्यांपैकी थोडे कॅरवे आणि पार्सली रूटचे. आणि थोडे उद्यासाठी. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी गरम केलेला गुयाश इथे जास्त चांगला मानतात. उरला आहे का?

तिखटमीठ

एक वाटी उरली आहे. फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यात, दह्याच्या भांड्यामागे ठेवली आहे. उद्या दुपारी घरात मी एकटीच असते, खाऊन सांगते.

निळावंती

माझा खोटा गुयाश पण झाला. अंडं चालत नाही म्हणून मैदा दह्यात भिजवला. गोळे थोडे मऊ झाले पण फुटले नाहीत. मशरूम परतताना कडा तांबूस व्हायला बराच वेळ लागतो, घाई करू नका. सासूबाईंनी विचारलं, कुठल्या गावची आमटी?

आजीचा पाटा

मग काय सांगितलंस?

निळावंती

गुराख्याची म्हटलं.